एका वाडग्याखाली

प्रश्न एवढासाच होता, आणि विचारणारीने तो पत्राच्या अगदी शेवटी, आभारबिभार मानून झाल्यावर, जाता जाता विचारला होता. ठसा घेताना ही टोपी एकटीच ठेवली होती ना, सर? शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. त्याने नुकताच डबा उघडला होता, पहिला घास तोंडात होता, आणि तो घास तो बराच वेळ नुसताच चावत राहिला. खोलीत चौदा लोखंडी कपाटं होती, छताला टेकलेली, आणि त्यांत कागदाच्या घड्या घालून केलेल्या अकरा हजारांवर पुड्या, प्रत्येक पुडीत वाळून कोळ झालेलं एखादं भूछत्र. डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तो त्याला स्वतःला केव्हाच येईनासा झाला होता, पण बसमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून बसला की आपल्या शर्टाला तो येतो हे त्याला कळायचं. एरवी लोक त्याला एकच प्रश्न विचारत, ही खाता येते का, आणि त्याचं ठरलेलं उत्तर होतं, सगळ्याच खाता येतात, काही फक्त एकदाच. संस्थेत त्याला बुरशीकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ज्याचं उत्तर जगात आपल्या एकट्यालाच माहीत आहे असा प्रश्न त्याला कितीतरी वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्याने डबा तसाच झाकून ठेवला.

विचारणारी दुसऱ्या एका शहरातली संशोधक होती, तिशीची असावी. दोन महिन्यांपूर्वी तिने त्याच्याकडून एका पुडीतला नखाएवढा तुकडा मागवून घेतला होता आणि त्याने तो चिमट्याने काढून, कुपीत घालून, अगदी लेकीला सासरी धाडावं तसा जपून पाठवला होता. आता तिच्या यंत्रांनी त्या तुकड्याची वंशावळ काढली होती. त्याने स्वतः चौतीस वर्षं एकाच कुलावर काढली होती, गुलाबी बीजाणूंच्या भूछत्रांच्या. या धंद्यात टोपीवर विश्वास ठेवायचा नसतो. टोपी उन्हात फिकट होते, पावसात गडद होते, लहानपणी एक असते आणि म्हातारपणी दुसरीच. खरं बोलतात ते बीजाणू. म्हणून देठ कापायचा, टोपी पांढऱ्या कागदावर ठेवायची, पापुद्र्यांची बाजू खाली, आणि वारा लागू नये म्हणून वरून एखादं भांडं झाकायचं. सकाळी भांडं उचललं की कागदावर पिठासारखा ठसा पडलेला असतो, पांढरा, तपकिरी, काळा, नाहीतर गुलाबी. गुलाबी असेल, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पिठाच्या कणांना कोपरे दिसले, तर ती या कुलातली. बाकी काही बघायची गरज नाही, असं त्याला शिकवणारे मोठे सर म्हणायचे, आणि मोठ्या सरांपुढे मान हलवण्याची त्याला इतकी सवय झाली होती की ते जाऊन वीस वर्षं झाली तरी वाचताना एखादं वाक्य पटलं की त्याची मान आपोआप हलायची. पण आता या मुलीची यंत्रं म्हणत होती की त्या पुडीतलं भूछत्र या कुलाचं नाहीच. ते फार लांबचं आहे, पांढऱ्या बीजाणूंच्या गोतावळ्यातलं. बीजाणू मात्र गुलाबी आणि कोपऱ्यांचे, हे त्याने स्वतः एकतीस वर्षांपूर्वी लिहून, चित्र काढून, छापून ठेवलेलं होतं. म्हणजे ही गुलाबी कोपऱ्यांची करामत निसर्गाने एकदा नव्हे, दोनदा केली, वेगवेगळ्या घरांत. म्हणजे कुलाची सगळी मांडणीच नव्याने करायला हवी. आणि हे जे एकटं पडलेलं भूछत्र, त्याचं स्वतंत्र कुल करायला हवं. नियमाप्रमाणे त्या कुलाला त्याच्या प्रजातीचंच नाव मिळणार होतं, आणि त्या प्रजातीला त्याने आपल्या बायकोचं नाव दिलं होतं.

आता ती त्याची बायको राहिली नव्हती. सव्वीस वर्षं ती दुसरीकडे राहत होती, शाळेत शिकवत होती, आता तर मुख्याध्यापिका होती. पण मनातल्या मनात दुसरं काय म्हणायचं हे त्याला कधी सुचलं नाही, म्हणून तो तिला नुसतं ती म्हणायचा. लॅटिन शेपटी लावलेलं तिचं नाव एका पुडीवर होतं, एका जाड ग्रंथाच्या सूचीत होतं, आणि एवढ्यावर त्याने बरीच वर्षं काढली होती. सूची कधीही उघडली तरी ते नाव दोन अगदी रूक्ष नावांच्या मध्ये बसलेलं असायचं. आता ते कुलाचं नाव होणार होतं. जगातल्या प्रत्येक कपाटावर, प्रत्येक पुस्तकात, त्याच्या आणि तिच्या नंतरही. त्याला फक्त एक अक्षर टाइप करायचं होतं. हो.

तो घरी चालत गेला. बस समोरून गेली, तिच्यात जागाही होती, पण त्याला कोणाच्या शेजारी बसवेना. रस्त्यावर दिवेलागणीची वर्दळ होती, दुकानांच्या काचांमध्ये माणसं स्वतःला बघत थांबत होती, आणि त्याला आपण गर्दीतून चाललो असूनही आपल्याभोवती एक कोरडी जागा आपल्याबरोबर चालली आहे असं वाटत होतं. हो लिहायचं, त्यात खोटं काय? टोपी एकटी होती. एकटीच होती, तिच्या शेजारी आणखी एक होती एवढंच. तो स्वतःशीच हसला आणि समोरून येणाऱ्या बाईने त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं त्याने या प्रश्नाला बगल दिली होती, आणि इतक्या सफाईने दिली होती की बगल दिली हेही तो विसरला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोराला आपण चोर आहोत हेच आठवत नव्हतं, आणि आज कोणीतरी सहज नावाने हाक मारली होती.

तो ठसा घेतला त्या वेळी तो आणि ती एका लहान घरात राहत होते, दीड खोली आणि बाहेर सामायिक जिना. तिला एका लांबच्या गावातल्या शाळेतून नोकरीचं पत्र आलं होतं. जाऊ का, असं तिने विचारलं. तो जेवत होता, पानातून वर न बघता म्हणाला, बघू. दोन दिवसांनी तिने परत विचारलं. तो म्हणाला, बघू की. त्याच्या मते यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं, त्याने नाही म्हटलंच नव्हतं. पण त्यानंतर तिने बोलणं बंद केलं. तीन दिवस. ती कामं करायची, ताट वाढायची, दिवा मालवायची, सगळं नेहमीसारखं, फक्त आवाज नाही. घरात चमचा पडला तरी दोघं दचकायचे. त्याला भांडता येत नव्हतं, समजूत काढता येत नव्हती, आणि मूग गिळून बसण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रविवारी तो शेवटच्या थांब्यापलीकडच्या रानात गेला, एकटाच, आणि संध्याकाळी दोन टोप्या घेऊन परत आला. एक त्याने कधीच न पाहिलेली, कोवळी, राखी रंगाची, कडा अजून आत वळलेल्या. दुसरी गवतातली नेहमीची, सोबत आणली म्हणून आणली. संस्थेची खोली रविवारी बंद, म्हणून ठसा घरीच घ्यायचा. काचेचे वाडगे घरात दोनच होते. तो स्वयंपाकघराच्या दारात दोन टोप्या तळहातावर घेऊन उभा राहिला, काही न विचारता, आणि ती वळली आणि म्हणाली,

"ठेव ना दोन्ही एकाच खाली. दुसरा कणकेवर झाकलाय."

तीन दिवसांनंतरचा तो पहिला आवाज. जरासा घोगरा, न वापरलेला. दोन टोप्या एका भांड्याखाली ठेवायच्या नसतात हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. बीजाणू धुळीहून हलके, एकीचे दुसरीखाली सहज जातात. त्याने नुसतं वाटी दे म्हटलं असतं, पातेलं दे म्हटलं असतं, तरी काम झालं असतं. पण त्याने विचार केला, आत्ता नको म्हटलं तर ही परत गप्प होईल. म्हणून तो म्हणाला, बरं. आणि दोन्ही टोप्या एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून त्याने वाडगा झाकला. त्या संध्याकाळी ते दोघं एकमेकांशी बोलले, वाण्याबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल, असंच काहीबाही. सकाळी वाडगा उचलला तर दोन्ही टोप्यांखाली गुलाबी. राखी टोपीखालचा ठसा जरा पुसट, पण गुलाबीच. तो कागद घेऊन तो संस्थेत धावत गेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसले ते चौकोनी, सोंगट्यांच्या फाशासारखे, आणि असे कोणी कधी पाहिले नव्हते. दोन वर्षांनी त्याने नवी प्रजाती जाहीर केली. नाव देताना त्याला दुसरं कोणाचं नाव सुचलंच नाही, कारण त्याच्या लेखी ती प्रजाती त्या एका वाक्यातून जन्माला आली होती. त्याच्या सगळ्या आयुष्यात कोणी त्याला माफ केल्याची तेवढी एकच नोंद होती.

आणि तरीही, ती निघून गेल्यानंतरच्या वर्षी एका रिकाम्या दुपारी त्याने ती पुडी उघडली होती. पापुद्र्याचा एक धागा काढून पाण्याच्या थेंबात ठेवला आणि पाहिला. त्यावर एकही चौकोनी बीजाणू नव्हता. कुठलाच बीजाणू नव्हता. टोपी कोवळी होती, तिचं वय व्हायचं होतं, ती त्या संध्याकाळी कागदावर काही टाकूच शकत नव्हती. तो काचेकडे बघत राहिला, मग त्याने काच पुसली, पुडीच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि कपाट लावलं. एका धाग्यावरून काही ठरत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. खोलीत त्याचं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे वादही झाला नाही. काम करणाऱ्याने असं काही दिसलं की एक चिठ्ठी लिहायची असते, तारीख घालून, सही करून, आणि ती पुडीत जुन्या चिठ्ठीशेजारी चिकटवायची असते. जुनी चिठ्ठी कोणी काढत नाही, कितीही चुकीची असली तरी. शंभर वर्षांपूर्वीच्या पुड्यांत अशा चार-चार, पाच-पाच चिठ्ठ्या असतात, प्रत्येकाने आधीच्याला खोडून काढलेलं. दुसऱ्यांच्या पुड्यांत त्याने अशा शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि त्यात त्याला एक बारीकशी मजाही वाटायची. या पुडीत एकच चिठ्ठी होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतली शेवाळवाली चहाला आली. ती शेवाळांवर काम करायची, दिवसभर पाण्याशी खेळून तिचे हात कायम थंड असत. तिने बातमी ऐकली होती, संशोधक मुलीने तिलाही काहीतरी विचारलं होतं. तुमच्या नावावर कुल म्हणजे काय खायची गोष्ट आहे का काका, ती म्हणाली, आमची शेवाळं मरेपर्यंत कोणाला कळणारसुद्धा नाहीत. माझ्या नावावर नाही, तो म्हणाला. तिने कोणाच्या असं विचारलं नाही, तिला ठाऊक असावं, संस्थेत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पेढे कधी, एवढं म्हणून ती गेली. तिच्या कपाचा ओला गोल टेबलावर राहिला. त्याला अचानक भयंकर एकटं वाटलं, इतकं की तो उठून दारापर्यंत गेला, तिला परत बोलवावं म्हणून, पण बोलावून सांगायचं काय हे न सुचल्याने दार लावून परत येऊन बसला.

गुरुवारी संध्याकाळी त्याने, जिच्या नावाचा प्रश्न होता तिला, फोन लावला. वर्षातून दोनदा ते बोलत, एकमेकांच्या वाढदिवसाला, आणि आज दोघांचाही वाढदिवस नव्हता, म्हणून तिने आधी तब्येत विचारली. बरी आहे, तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. तुकडा, यंत्रं, वंशावळ, नवं कुल, नाव. ती शाळेत मुलांचं ऐकतात तसं मध्ये न बोलता ऐकत होती.

"म्हणजे तुझ्या आईने जन्मभर ज्या कुळाची काळजी केली, त्याला शेवटी माझं नाव," ती म्हणाली आणि हसली. मूल नसल्यावरून त्याच्या आईने तिला काय काय ऐकवलं होतं ते दोघांनाही पाठ होतं. त्यालाही हसू आलं, आणि त्या हसण्याच्या आधाराने त्याने विचारलं, तुला तो वाडगा आठवतो का? कुठला वाडगा, ती म्हणाली. त्याने सांगितलं. तीन दिवसांचा अबोला, दोन टोप्या, कणीक, तिचं वाक्य. तिने वापरले होते तेच शब्द, त्याच क्रमाने. तू तसं म्हणालीस आणि आपलं भांडण मिटलं, तो म्हणाला, म्हणून मी दोन्ही एकत्र ठेवल्या.

"भांडण मिटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी बोलायला लागले, एवढंच. घरात दोनच माणसं, न बोलून किती दिवस काढणार?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"मला नोकरीचं हो की नाही हवं होतं. ते तू कधी दिलंच नाहीस. दोन वर्षांनी कुत्र्याची छत्री दिलीस. तीही मला न विचारता." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "शाळेत कोणी कौतुकाने त्याबद्दल विचारलं की मी विषय बदलते, तुला माहितेय? खरं काय ते लिही बाबा. माझ्यासाठी म्हणून खोटं लिहू नकोस. मला ते नकोच होतं."

मग तिने गुडघेदुखीचं विचारलं, त्याने ठीक आहे म्हटलं, आणि फोन ठेवला. तो खुर्चीत बसून राहिला. त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं नाही, चोरी पकडली गेल्यासारखंही नाही. एवढंच वाटलं की ज्या संध्याकाळी आपल्याला माफ केलं गेलं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण एकटेच होतो. तेहतीस वर्षं जपलेलं सुख दुसऱ्या माणसाला आठवतसुद्धा नव्हतं. सुख तरी दोघांचं असायला हवं होतं, तो मोठ्याने म्हणाला, आणि उठून दिवा लावला.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी संस्थेत गेला. आधी त्याने चिठ्ठी लिहिली. शाई वाळू दिली, तारीख घातली, सही केली. ठसा घेताना दोन टोप्या एकाच वाडग्याखाली होत्या. छापलेले बीजाणू या नमुन्याचे नाहीत. पापुद्र्यावर बीजाणू आढळत नाहीत, हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती, पण लिहिताना हात थांबला नाही. मग त्याने संशोधक मुलीला तेच कळवलं, माफी मागितली, आणि नव्या कुलाचा प्रस्ताव मागे घ्यावा असं सुचवलं. आपली प्रजातीही रद्द समजावी, हेही लिहिलं. पत्र गेलं. त्याला वाटलं होतं की मोकळं वाटेल, तसं काही वाटलं नाही. भूक मात्र लागली, आणि त्याने सकाळी साडेनऊलाच डबा उघडला.

दुपारी संशोधक मुलीचा फोन आला. दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं, आणि तिने ते त्याला ऐकवलं, आदराने, पण ऐकवलं. पंचवीस वर्षं, सर? ती म्हणाली. हो, तो म्हणाला. मग तिने सुस्कारा सोडला, निदान छापायच्या आधी कळलं म्हणाली, आभार मानले. तो फोन ठेवणार तेवढ्यात तिने विचारलं, ती दुसरी टोपी कुठली होती?

"गवतातली नेहमीची," तो म्हणाला.

कागद उलटल्याचा आवाज आला. तिच्यासमोर त्याने काढलेलं चित्र असावं.

"नेहमीच्या टोपीचे बीजाणू सहा कोनांचे असतात, सर. तुमच्या चित्रातले चौकोनी आहेत. मी आपल्याकडच्या सगळ्या नोंदी बघितल्या, असे कुठेच नाहीत." ती म्हणाली. "म्हणजे नवी होती ती दुसरी. ती ठेवलीय ना तुम्ही?"

जे लहान पोरालाही सुचलं असतं ते त्याला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. तो सगळा काळ एकाच टोपीकडे बघत होता. आणि आता, फोन कानाला धरलेला असताना, त्याला रविवारची संध्याकाळ नव्हे तर सोमवारची सकाळ आठवली, जी त्याला आजवर कधी आठवायची गरजच पडली नव्हती. वाडगा उचललेला आहे, तो कागदावर वाकला आहे, भिंग डोळ्याला लावून गुलाबी ठशाकडे बघतो आहे, आणि शेजारी ती उभी आहे, दुसरी टोपी तळहातावर धरून. ती बराच वेळ तशी उभी होती. मग म्हणाली, हिचं काय करू? त्याने मान वर केली नाही. टाकून दे, म्हणाला.

"सर?" पलीकडून मुलीने विचारलं.

"नाही ठेवली," तो म्हणाला. "ती मी नीट बघितलीच नाही."